हाडांना तीन पाणी

हुवैसा गावात कुणी बाई आजारी पडली, की घरची माणसं दोन गोष्टी करायची. डॉक्टरला बोलावणं धाडायची आणि उम्म गानिम गल्लीत दिसली तर दार लोटून घ्यायची. म्हातारीनं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण गावातल्या मेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घालायचं काम तिचं, त्यामुळे ती नुसती सावलीला जरी टेकली तरी लोकांना वाटायचं, हिनं कुणाचा तरी अंदाज घेतला.

"अगं, चहा प्यायला आलेय," ती बाहेरूनच ओरडायची. "कापूर घरी ठेवलाय. उघडा!"

मग आत कुणीतरी फिसकन हसायचं आणि दार उघडायचं. आजारी बाई पांघरूण नाकापर्यंत ओढून पडलेली असायची. उम्म गानिम तिच्या उशाशी बसून म्हणायची, "तोंड आत्ताच झाकू नकोस बाई. ते माझ्याकडं लागलं."

तिचं खरं नाव नशमीया. पण आमच्याकडं बाई आई झाली की तिचं नाव पोरगा घेऊन जातो. उम्म गानिम म्हणजे गानिमची आई. हा गानिम बसऱ्याच्या बंदरात क्रेन चालवायचा आणि ईदला मिठाईचा खोका घेऊन यायचा. नवरा इराणच्या लढाईत गेला तो परतलाच नाही. ना तो आला, ना त्याचं काही आलं. हनुवटीवर गोंदण, डोक्यापासून पायापर्यंत काळा अबाया, पाठ जरा वाकलेली, पण हात मात्र न्हाव्यासारखे हलके. सरकारनं गावाबाहेरच्या टेकाडावर खोदकाम काढलं, तेव्हा या हातांना दुसरं काम मिळालं.

टेकाडाच्या पोटात जुनं कब्रस्तान निघालं. जुनं म्हणजे साडेचार हजार वर्षांचं. कुदळ चालवणारे गडी उत्तरेतून, शिरकातहून आले होते. त्यांच्या खापरपणज्यापासून हाच धंदा, ते मातीशी बोलतात आणि आमच्याशी बोलत नाहीत. गावातल्या बायका खापरं धुवायला लागल्या. मी जवळच्या शत्रा गावातल्या शाळेतून अक्षर तेवढं चांगलं घेऊन बाहेर पडलो होतो, म्हणून मला चिठ्ठ्या लिहायला बसवलं. कबर कितवी, माणूस कोणत्या कुशीवर, जवळ काय सापडलं, हे एकेका कार्डावर लिहायचं आणि हाडांच्या पिशवीला नंबर बांधायचा. प्रश्न आला तो हाडं साफ करायचा. खापरं धुणाऱ्या बायका हाडांची पाटी बघताच नळाच्या पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या.

"आण इकडं," उम्म गानिम म्हणाली. "ताज्यांना भीत नाही मी. हे तर वाळलेले आहेत."

हाडांच्या तज्ज्ञ डॉक्टर इल्हाम बगदादहून आल्या होत्या. चष्मा, पॅन्ट, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला आणि बोलणं बातम्या दिल्यासारखं. त्यांनी तिला समोर बसवून शिकवलं. मऊ ब्रश घ्यायचा. पाणी साधं, तेही थोडं. कवटीत पाणी ओतायचं नाही. दात आणि कानामागचं हाड अजिबात भिजवायचं नाही, ते कोरडंच वेगळ्या डबीत ठेवायचं. उम्म गानिम प्रत्येक वाक्याला "डोळ्यांवर, लेकी, डोळ्यांवर" म्हणत होती. आमच्याकडं याचा अर्थ होतो, तुझा हुकूम माझ्या डोळ्यांवर. तो पाळला जाईलच असा होत नाही. डॉक्टर बगदादच्या, त्यांना काय माहीत.

हाडं धुवायची जागा खोल्यांच्या मागं, बोरीच्या झाडाखाली होती. बायका काम करतात तिथं पुरुषानं घुटमळायचं नाही, म्हणून मी पाटी ठेवून खोकत खोकत परत यायचो. तरी तिचं बोलणं भिंतीवरून ऐकू यायचं. इथली माणसं बोरूच्या चटईत गुंडाळून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पुरलेली असत आणि तोंडाशी हातात एक पेला असे. त्या पेल्यानं तिला फार छळलं.

"यात काय होतं रे? चहा?"

"चहा तेव्हा नव्हता, मावशी."

"नव्हता? मग काय पीत होते बिचारे?"

"बार्लीची दारू असावी म्हणतात."

"असू दे. तू कार्डावर पाणी लिही. मेलेल्याची अब्रू आपल्या हातात असते."

मी "पेला, मातीचा" एवढंच लिहिलं.

आता तिस्वाहनबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. तिस्वाहन आणि उम्म गानिम एकाच हंगामात या गावात सुना म्हणून आल्या. दोघींनी एकाच तंदूरवर रोट्या थापल्या, एकमेकींची पोरं पाजली आणि सासवांच्या कागाळ्या एकमेकींकडं सांभाळायला ठेवल्या. एकदा अशाच रोट्या थापता थापता दोघींनी ठरवून टाकलं होतं, की जी मागं राहील तिनं पुढं गेलेलीला अंघोळ घालायची. आता तिस्वाहनचं काळीज थकलं होतं. पाय सुजलेले, श्वास पुरत नव्हता. गावात हिच्यासाठी दार न लोटणारं तेवढं एकच घर होतं. उम्म गानिम रोज संध्याकाळी म्हशीच्या दुधाची साय वाटीत घेऊन जायची.

"आलीस मोजमाप घ्यायला?" तिस्वाहन म्हणायची.

"माप मला पाठ आहे. फक्त तू जाडी होऊ नकोस, मला एकटीला कूस वळवायची आहे."

यात अडथळा आला तो तिस्वाहनचा मुलगा लफ्ता. लफ्ताची एक लांब गाडी होती आणि तो टपावर शवपेटी बांधून आमच्या भागातले मुडदे नजफला नेऊन पोचवायचा. आमच्याकडं माणूस कुठंही मरो, मुक्कामाला पवित्र नजफ शहरातल्या कब्रस्तानातच जातो, त्यामुळे लफ्ताचा धंदा बरा होता. धंदा असा असला की माणसाला धर्माबद्दल मत असावंच लागतं. एका संध्याकाळी उम्म गानिम साय घेऊन पोचली, तर तो दारातच उभा. मी तिच्या सोबतीला होतो, कारण गल्लीत कुत्री फार.

"मावशी, बस, चहा घे. पण एक गोष्ट ऐकून घे. वेळ आली तर आईला तू हात लावायचा नाहीस."

"का रे बाबा?"

"दिवसभर तू काफरांची हाडं चोळतेस. मूर्तिपूजकांची. तेच हात माझ्या आईला लावणार? मी तिला नजफच्या स्नानघरात देईन. तिथं बायका आहेत त्या कामाच्या."

"मी रोज घरी जाऊन अंघोळ करते, लफ्ता. मशिदीतल्या सय्यदना विचारून करते. वाळल्या हाडांचा विटाळ नाही म्हणाले ते."

"सय्यद म्हणतील. सय्यदना सांग, त्या हातानं खजूर सोलून देते, खातात का बघ!"

शेजारच्या दोन दारांतून हसू आलं. गल्लीत बोलण्याचा हा तोटा असतो. उम्म गानिमनं आत जाऊन मैत्रिणीला साय भरवली आणि येताना सगळी वाट गप्प होती. मला हे काही बरं वाटेना. ती भांडली असती तर मी मजा बघितली असती.

"काम सोड की मग," मी म्हणालो.

"सोडलं तरी हात तेच राहणार ना, पोरा? त्याला आता हे हातच नकोत."

तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण कुत्री आली.

याच सुमारास डॉक्टर इल्हाम काही दिवसांसाठी बगदादला गेल्या होत्या. त्या परतल्या आणि धुतलेल्या हाडांचं पहिलं खोकं उघडून त्यांनी नाक आत घातलं. मग मला हाक मारली.

"हा कसला वास?"

मी तयारच होतो. चार-सहा कार्डांवर मी शेऱ्याच्या रकान्यात लिहूनही ठेवलं होतं, 'कापरासारखा सुगंध'. माझी अशी समजूत झाली होती, की त्या काळी हिंदुस्तानातून जहाजं यायची, त्यांत कापूर येत असणार आणि हा शोध माझ्या नावावर लागणार. मी तसं बोलूनही दाखवलं.

"कापूर उघड्यावर ठेवला तर थोड्या दिवसांत उडून जातो," डॉक्टर म्हणाल्या. "हा साडेचार हजार वर्षं तुझी वाट बघत थांबला होता का?" मग त्यांनी एक मांडीचं हाड उजेडात धरलं. त्यावर हिरवट पिवळी झाक होती. "आणि हे काय लावलंय?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो पडायला नको होता असं वाटलं. घरात कुणी गेलं की आमच्याकडं लहान पोरालाही हा क्रम कळतो. पहिलं पाणी बोरीचा पाला कुटून घातलेलं, दुसरं कापराचं आणि तिसरं निव्वळ. आधी डोकं, मग उजवं अंग, मग डावं. आणि हाडं धुवायची जागा बोरीच्याच झाडाखाली.

उम्म गानिमला बोलावलं. तिनं एका शब्दानं नाकारलं नाही. उलट तिला वाटलं, आपण काही कमी ठेवलं म्हणून बोलावलं.

"कापूर जरा कमी पडला का लेकी? शेवटच्या दोघींना मी थोडाच घातला. संपत आला होता."

डॉक्टर खाली बसल्या. चष्मा काढला. "मावशी, मी साधं पाणी सांगितलं होतं."

"तिसरं साधंच होतं."

"या हाडांवर आम्ही तपासण्या करणार होतो. ही माणसं काय खात होती, कुठून आली होती. आता त्यांतलं बरंचसं कळणार नाही. मी दोन वर्षं या कबरींसाठी कागद फिरवत होते."

"म्हणजे घाण राहिली?"

"नाही मावशी," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "फारच स्वच्छ झाली."

उम्म गानिमला तपासणी कळली नाही, पण समोरचं माणूस रडायच्या बेतात आहे हे तिला लगेच कळलं. तो तिचा जन्माचा सराव होता. ती डॉक्टरांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मी चुकले. तू सांगितलेलं ऐकायला पाहिजे होतं. पण उघडं माणूस हातात आलं की माझे हात थांबत नाहीत गं. माझा माणूस तिकडं कुठं पडला, ठाऊक नाही. सापडला असेल कुणाला तरी कधीतरी. कुणाला सापडला असेल, त्यानं काय केलं असेल?" तिनं अबायाच्या टोकानं नाक पुसलं. "मला सारखं तेच येतं मनात."

डॉक्टर उठल्या, सगळी खोकी एका बाजूला लावली, मला कार्डं बदलायला सांगितली आणि उम्म गानिमला खापरांवर घातलं. घरी मात्र पाठवलं नाही. दात आणि कानामागची हाडं तिनं खरोखरच कोरडी ठेवली होती, हे डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी कळलं. त्यावर त्या म्हणाल्या, "चला, निदान एवढं तरी." त्या हसल्या नाहीत. त्यांचं नुकसान खरं होतं.

बातमी गावात माझ्या आधी पोचली. खापरं धुणाऱ्या बायकांनी ती नळावरून नेली होती. संध्याकाळी चहाच्या दुकानात एकच विषय. काफरांना कापूर! कुणी म्हणालं, आता त्यांना नजफलाही पाठवा, लफ्ताला भाडं होईल. आणि सय्यद नूरी, जे एरवी म्हातारीच्या बाजूचे, त्यांनाही हे जड गेलं. ते स्वतः टेकाडापर्यंत चालत आले.

"उम्म गानिम, हाडांना हात लावलास ते ठीक. पण मुसलमानाची अंघोळ त्यांना? ही कुठली रीत?"

"सय्यद, इब्राहिम नबी कुठले?"

"इथले. उरचे. इथून गाडीनं अर्ध्या तासावर."

"त्यांना मावश्या-आत्या असतील की नाही?"

"असतील."

"मग त्यांतली एखादी या टेकाडात नसेल कशावरून? उद्या नबींनी मला विचारलं, की बाई, माझ्या मावशीला नुसतंच ब्रशनं घासलंस, तर मी काय सांगू? डॉक्टर रागावत होती म्हणून सांगू?"

सय्यदनी दाढी धरली. "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "पुन्हा करू नकोस." आणि पाठ वळवून जाताना त्यांचे खांदे हलत होते. ते उन्हानं नव्हे.

लफ्ताला मात्र हे सगळं आणखी टोचलं. आधी ती काफरांना हात लावते म्हणून त्याचा राग होता, आता त्यांना आपला विधी देते म्हणून. लोकांनी त्याची चहाच्या दुकानात फिरकी घेतली, ती वेगळीच. त्यानं आईसमोर शपथेवर सांगितलं, की नजफचं स्नानघर म्हणजे नजफचं स्नानघर. मी तेव्हा तिथंच होतो, साय घेऊन. कारण उम्म गानिम आता त्या घरी जायची नाही, वाटी माझ्याकडं द्यायची.

तिस्वाहननं हाडांची गोष्ट माझ्याकडून ऐकली आणि ती इतकी हसली, की लफ्तानं घाबरून तिला उठवून बसवलं.

"कापूर घातला?" ती श्वास गोळा करत म्हणाली. "त्या हाडकांना?"

"घातला मावशी. तोही स्वतःच्या घरचा."

"ती तशीच आहे. पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही, मग पाहुण्याचं पोट भरलेलं का असेना." मग ती लेकाकडं वळली. "तू मला नजफला नेशील, ने. मी तेव्हा काही बोलू शकणार नाही. पण तू किती बायकांना तिथं पोचवलंस रे? त्यांतल्या एकीचं तरी नाव तिथल्या धुणारीनं विचारलं का?"

लफ्ता म्हणाला, "आई, तू दम घे."

त्यानंतर आठवडाभरात ती गेली. सकाळी, पोरं शाळेला निघायच्या वेळी. बातमी टेकाडावर आली, तेव्हा उम्म गानिम खापरं वाळत घालत होती. ती उठली नाही. हातातलं खापर तिनं नीट पालथं घातलं, मग पुढचं घेतलं, मग त्याच्या पुढचं. बाकीच्या बायका रडायला लागल्या, पण ती कुणाकडं बघेना. डॉक्टर तिच्याजवळ गेल्या. "मावशी, तुम्हाला जायचंय ना?"

"मला बोलावलेलं नाही," ती म्हणाली.

नजफची वाट टेकाडाला लागूनच जाते. थोड्या वेळानं लफ्ताची गाडी दिसली. टपावर पेटी, तिच्यावर हिरवी चादर दोरीनं आवळलेली, मागं दोन गाड्या नातेवाइकांच्या. शिरकातच्या गड्यांनी कुदळी खाली ठेवल्या. आम्ही सगळे उभे राहून फातिहा पुटपुटायला लागलो. गाडी पुढं गेली. मग थांबली. मागच्या गाड्याही गचकन थांबल्या आणि कुणीतरी हॉर्न दिला.

लफ्ता उतरून माझ्याकडं आला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"खरं सांग," तो म्हणाला. "तिनं त्यांना तिन्ही पाणी दिलं? एकेकाला?"

"एकेकाला."

"तू होतास तिथं?"

"भिंतीच्या अलीकडं. प्रत्येकीशी बोलत होती. पाय सरळ होत नाहीत म्हणून एकीची माफी मागत होती."

"कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"उलट करू नको म्हणून सांगितलं होतं."

तो पेटीकडं बघत उभा राहिला. "मी इतक्या लोकांना नेलं तिथं," तो म्हणाला. "बाहेर उभा राहतो, आतलं ऐकू येतं. एकदा धुणारी बाई फोनवर बोलत होती, आणि पाणी चालू. ओट्यावर होती ती माझ्याच गाडीतून आलेली. मी म्हटलं, आपल्याला काय, आपलं काम पोचवायचं." मागून पुन्हा हॉर्न वाजला. "थांबा की रे!" तो ओरडला आणि मग खोल्यांच्या मागच्या बाजूला, जिथं पुरुषानं जायचं नाही, तिथं सरळ चालत गेला.

"मावशी, चल."

उम्म गानिम मान वर न करता म्हणाली, "हात तेच आहेत, लफ्ता."

"तेच पाहिजेत. उठ आता, आई उन्हात आहे."

तिनं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली आणि तिच्या हातातलं खापर आपल्या हातात घेतलं. लफ्तानं पुढच्या सीटवर बसलेल्या मामाला मागच्या गाडीत पिटाळलं आणि तिला स्वतःशेजारी बसवलं. मामा बराच वेळ कुरकुरत होता, हे धूळ बसेपर्यंत ऐकू येत होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. लफ्तानं तिसऱ्या दिवशी शोकाच्या मंडपात, कडू कॉफीची किटली फिरवता फिरवता सगळ्यांना सांगितलं. स्नानघराच्या बाया आधी हिला आत घेईनात. म्हणे बाहेरची माणसं चालत नाहीत. उम्म गानिमनं बाह्या वर केल्या आणि विचारलं, तुमच्यातली कुणी हिचं नाव सांगा, मी बाहेर जाते. मग त्यांनी तिला एक ओटा दिला. ती आत गेली ती येईचना. दुपारची नमाज झाली, तरी आतून पाणी पडल्याचा आवाज आणि हिचं बोलणं. बाहेर रांग लागली. अमारा शहरातून आलेली एक मंडळी पेटी खांद्यावर घेऊन ताटकळली होती, त्यांचा म्होरक्या लफ्तावर घसरला. म्हणाला, किती वेळ? बाईला अंघोळ घालताय का नवरी सजवताय?

"मग तू काय म्हणालास?" सय्यद नूरींनी विचारलं.

"काय म्हणणार?" लफ्तानं त्यांच्या पेल्यात घोटभर कॉफी ओतली. "म्हटलं, पेटी खाली ठेव, टेक जरा. तुझ्या माणसाला आता कुठं गाडी पकडायची आहे?"